खाडीतल्या पानापासून शुद्ध संयुगापर्यंत: कांदळवनातील बुरशींवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीत ओहोटीच्या वेळी उतरून तिवराचे (खारफुटीतल्या एका झाडाचे) पान निरखून पाहिले, तर त्यावर बारीक, पांढरे, चकाकणारे कण दिसतात. ते मीठ असते. मुळांवाटे आत आलेले जास्तीचे मीठ तिवर पानांवरच्या ग्रंथींमधून बाहेर टाकते आणि पाणी सुकल्यावर त्याचे स्फटिक पानावर राहतात. अशा खारट, उन्हाने तापणाऱ्या, दिवसातून दोनदा बदलत्या पाण्याला सामोऱ्या जाणाऱ्या झाडाच्या पानात, बाहेरून कोणतीही खूण न दाखवता, बुरशी राहत असते. तिला एंडोफाइट म्हणतात. झाडाला रोग न करता ती पेशींच्या मधल्या जागेत तंतू पसरून राहते, आणि शेजारच्या इतर सूक्ष्मजीवांना दूर ठेवण्यासाठी, झाडाशी जुळवून घेण्यासाठी अनेक प्रकारचे रासायनिक पदार्थ बनवते. त्यांतले काही पदार्थ जिवाणूंना मारतात, काही हिवतापाच्या परजीवीला रोखतात, तर काही आपल्या शरीरातल्या एखाद्या विकराचे (एन्झाइमचे) काम थांबवतात.

या शोधाला मोठा इतिहास आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये क्रिब दांपत्याने १९५५ मध्ये खारफुटीवरच्या सागरी बुरशींची नोंद केली, आणि तिथून या बुरशींचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. समुद्राकाठच्या बुरशीने औषधशास्त्राला काय दिले याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण त्याच्याही आधीचे, कांदळवनाबाहेरचे आहे: सार्डिनियातील काल्यारी येथे जुझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये सांडपाणी जिथे समुद्राला मिळते त्या ठिकाणाहून एक बुरशी वेगळी केली आणि तिच्यातूनच पुढे सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकांचे कूळ उभे राहिले. खास कांदळवनातली उदाहरणे नंतरची आहेत. पाण्यात बुडालेल्या खारफुटीच्या लाकडावरून मिळालेल्या प्रेउसिया ऑरँटिआका या बुरशीची ऑरँटिसिने १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. दक्षिण चीन समुद्राच्या किनाऱ्यावरील खारफुटीतल्या झायलेरिया बुरशीतून २००१ मध्ये झायलोकेटाले मिळाली. थायलंडच्या खारफुटीच्या लाकडावरील आयजिआलस पार्व्हस या बुरशीतून २००२ मध्ये आयजिआलोमायसिने वेगळी झाली आणि त्यांतल्या आयजिआलोमायसिन ‘डी’ने हिवतापाच्या परजीवीवर परिणाम दाखवला. आपल्याकडे तमिळनाडूतील पिचावरम येथील कांदळाच्या (खारफुटीतल्या रायझोफोरा या झाडाच्या) पानांतील एंडोफाइट बुरशींवर टी. एस. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून केलेले काम या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावे, असे माझे ठाम मत आहे.

पुढचा मजकूर कोकणातल्या आणि गोव्यातल्या महाविद्यालयांत एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी हे काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे. साधने साधी असली तरी चालतात. मात्र प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: हाती आलेला पदार्थ त्या पानाच्या आत राहणाऱ्या त्या बुरशीनेच बनवला आहे, हे मला दाखवता येईल का? खाली सांगितलेली बहुतेक काळजी या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

परवानगी आणि पाने गोळा करणे

महाराष्ट्रात २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि शासकीय जमिनीवरची कांदळवने मोठ्या प्रमाणात वन म्हणून अधिसूचित झालेली आहेत. चार पाने तोडायची असली, तरी वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. अर्जात ठिकाण, झाडांच्या जाती, पानांची संख्या आणि तारखा स्पष्ट लिहाव्यात. मोघम अर्ज परत येतो. जैवविविधता कायदा, २००२ हाही लक्षात ठेवावा. बुरशीचे नमुने किंवा संशोधनाचे निष्कर्ष परदेशी संस्थेकडे पाठवायचे असतील, किंवा पुढे पेटंटचा विचार असेल, तर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांतून जावे लागते. हे काम संयुग सापडल्यावर करू म्हणून मागे ठेवू नये, कारण नमुना कुठून आणि कोणत्या परवानगीने आणला, याचा कागद तेव्हा शोधून मिळत नाही.

दिवस ठरवताना पंचांग जवळ ठेवावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत पूर्ण ओहोटी साधारण पहाटे-सकाळी सहाच्या सुमारास येते. पाणी खूप मागे जाते, चिखल उघडा पडतो, ऊन चढलेले नसते आणि नमुने घेऊन साडेआठ-नऊपर्यंत बाहेर पडता येते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी तेवढे मागे जात नाही. उधाणाची भरती मात्र झपाट्याने चढते, म्हणून खाडीत एकट्याने कधीही उतरू नये आणि त्या खाडीतले पाणी ओळखणारा स्थानिक मच्छीमार सोबत असावा. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. ती तुडवली तर झाडाचे नुकसान होते आणि पायही कापला जातो.

झाड निरोगी निवडावे. फांदीच्या टोकाकडून तिसरी किंवा चौथी जोडी, म्हणजे पूर्ण वाढलेले पण पिवळे न पडलेले पान घ्यावे. कोवळ्या पानांत एंडोफाइट कमी असतात, कारण बुरशीचे बीजाणू हवेतून आणि पाण्यातून येऊन पानाच्या वयाबरोबर आत साठत जातात. एका जातीची निदान दहा झाडे घ्यावीत आणि प्रत्येक झाडाची चार-पाच पाने पुरेशी होतात. एक्सोकॅरिया अ‍ॅगालोचा या झाडाची पाने तोडताना हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय हात लावू नये. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पाने कागदी पाकिटात भरून, पाकिटावर पेन्सिलीने तपशील लिहून, बर्फाच्या पेटीत ठेवावीत. शाईचे अक्षर ओल्या हाताने फिसकटते. त्याच वेळी पाण्याची क्षारता, तापमान आणि सामू (पीएच) मोजून ठेवावा. चोवीस तासांच्या आत पुढचे काम सुरू झाले पाहिजे.

पानाचा पृष्ठभाग निर्जंतुक करणे

सगळ्या कामात सर्वांत जास्त चुका इथे होतात. पानाच्या बाहेरच्या बाजूला धुळीतून आणि पाण्यातून आलेले असंख्य बीजाणू चिकटलेले असतात. ते मेले नाहीत, तर त्यांतून उगवलेली अ‍ॅस्परजिलस किंवा पेनिसिलियम आपण एंडोफाइट म्हणून नोंदवतो. उलट रसायनाचा मारा जास्त झाला, तर ते आत झिरपून खरी एंडोफाइटच मरते आणि प्लेट कोऱ्या राहतात.

पाने आधी वाहत्या पाण्याखाली दहा मिनिटे धुवावीत. त्यानंतर लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात, ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दीड ते तीन मिनिटे, पुन्हा ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात तीन वेळा खळबळून घ्यावीत. हे आकडे सुरुवातीचे आहेत. कांदळाचे पान जाड, गुळगुळीत आणि मेणचट असते. तिवराच्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरट, बारीक लव असते आणि तिच्यात हवेचे बुडबुडे अडकून द्रावण पोचत नाही. तिवरासाठी पान बुडवून काचेच्या दांडीने हलवत राहावे लागते. पहिल्या दिवशी प्रत्येक जातीसाठी हायपोक्लोराइटसाठी तीन-चार वेगवेगळे कालावधी धरून, कोणती वेळ योग्य ठरते ते पाहावे. बाजारातले हायपोक्लोराइट जुने झाले की कमजोर होते, म्हणून बाटली ताजी आणि अंधारात ठेवलेली असावी.

वेळ योग्य होती की नाही, हे ठशाच्या चाचणीने कळते. निर्जंतुक केलेले पान आगर माध्यमावर हलकेच दाबून एक मिनिट ठेवायचे आणि उचलून घ्यायचे. त्या ठशावर पुढच्या दोन आठवड्यांत काही उगवले नाही, तर पृष्ठभाग स्वच्छ होता असे मानायचे. शेवटच्या धुण्याच्या पाण्याचे थेंबही वेगळ्या प्लेटवर पसरावेत. ज्या पानाचा ठसा उगवला, त्या पानाचे सगळे तुकडे नोंदीतून काढून टाकावेत, मग त्यांत कितीही आकर्षक बुरशी दिसत असली तरी. ही चाचणी न करता प्रसिद्ध केलेल्या एंडोफाइटच्या याद्यांवर विश्वास ठेवणे मला अवघड जाते.

बुरशी बाहेर काढणे आणि तिची ओळख पटवणे

निर्जंतुक पानाचे अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापून बटाटा-डेक्स्ट्रोज-आगर माध्यमावर ठेवावेत. माध्यम निम्म्या तीव्रतेच्या समुद्राच्या पाण्यात बनवावे. पाणी खाडीतले न घेता उघड्या समुद्राचे, गाळून घेतलेले असावे आणि त्यात तेवढेच उर्ध्वपातित पाणी मिसळावे. जिवाणू रोखण्यासाठी लिटरमागे १५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल पुरते. एका प्लेटवर सहापेक्षा जास्त तुकडे ठेवू नयेत. प्लेट २६ अंश सेल्सिअसच्या आसपास, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा स्थितीत चार आठवडे ठेवाव्यात.

पहिल्या पाच दिवसांत वेगाने वाढणाऱ्या बुरशी तुकड्याभोवती पसरतात आणि हळू वाढणाऱ्यांना झाकून टाकतात. म्हणून प्लेट दररोज पाहावी आणि तुकड्याच्या कडेतून तंतू बाहेर आला की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे टोक कापून नव्या प्लेटवर न्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हळूच डोकावणाऱ्या, काळपट, बीजाणू न धरणाऱ्या बुरशी बहुतेक जण टाकून देतात. माझ्या मते पहिली नजर त्यांच्याकडेच जावी, कारण इतरांच्या हातून त्या निसटलेल्या असण्याची शक्यता अधिक असते.

ओळख पटवण्यासाठी बाह्य लक्षणांबरोबर डीएनएचा आयटीएस हा भाग वाचून घ्यावा. तो २०१२ मध्ये बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून स्वीकारला गेला. पण अ‍ॅस्परजिलस, फ्युझेरियम, कोलेटोट्रायकम अशा प्रजातींत केवळ आयटीएसवरून जाती वेगळ्या होत नाहीत. तिथे कॅल्मोड्युलिन, बीटा-ट्युब्युलिन किंवा टीईएफ-१-अल्फा ही जनुकेही वाचावी लागतात. डीएनएच्या सार्वजनिक माहितीसंचातल्या पहिल्या जुळणाऱ्या नावाला तसेच उचलू नये, कारण त्या संचातही चुकीच्या नावाच्या नोंदी आहेत. जातीचे नाव नक्की होत नसेल, तर प्रजातीच्या नावापुढे ‘एसपी.’ लिहून थांबणे अधिक प्रामाणिक असते.

बुरशी वाढवणे

एकच बुरशी वेगवेगळ्या माध्यमांत वेगवेगळे पदार्थ बनवते. तिच्या जनुकांत जेवढी संयुगे बनवण्याची क्षमता असते, त्यातला थोडाच भाग एका परिस्थितीत जागा होतो. गॉटिंगेनच्या संशोधकांनी २००२ मध्ये या निरीक्षणाला ‘ओस्मॅक’ असे नाव दिले: एक वाण, अनेक संयुगे. म्हणून प्रत्येक बुरशी निदान तीन परिस्थितींत वाढवून पाहावी: बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रव माध्यमात न हलवता, त्याच माध्यमात हलवत, आणि शिजवलेल्या तांदळावर.

तांदळाचे माध्यम साधे आणि बहुधा सर्वांत फलदायी ठरते. एक लिटरच्या शंकुपात्रात १०० ग्रॅम तांदूळ आणि सुमारे ११० मिलिलिटर निम्म्या तीव्रतेचे समुद्राचे पाणी घालून रात्रभर भिजवावे आणि १२१ अंशांवर वीस मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावे). पॉलिश न केलेला हातसडीचा तांदूळ घेतल्यास त्याच्या कोंड्यातले तेल पुढे अर्कात उतरते आणि शुद्धीकरणात अडथळा आणते. बुरशी वाढलेल्या आगरचे पाच-सहा तुकडे टाकून पात्र तीन ते चार आठवडे स्थिर ठेवावे. द्रव माध्यमात फॉस्फेट वेगळे घालायचे असेल, तर ते वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळावे. समुद्राच्या पाण्यात एकत्र तापवले तर पांढरा साका बसतो.

इथे एक नियम कधीही मोडू नये. प्रत्येक खेपेला एक पात्र बुरशी न टाकता तसेच ठेवावे आणि तेवढेच दिवस, त्याच कपाटात, त्याच बुचाखाली ठेवून त्याचाही अर्क काढावा. कोऱ्या माध्यमाचा अर्क नसेल, तर पुढच्या कोणत्याही आलेखावरचे शिखर बुरशीचे आहे असे म्हणण्याला आधार राहत नाही.

अर्क काढताना प्लास्टिक दूर ठेवणे

वाढ पूर्ण झाल्यावर तांदूळ मोडून त्यात इथिल अ‍ॅसिटेट घालावे, रात्रभर ठेवावे आणि गाळावे. असे तीनदा करावे. द्रव माध्यम असेल, तर कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) गाळून वेगळे करावे आणि गाळलेल्या द्रवाला तेवढ्याच आकारमानाच्या इथिल अ‍ॅसिटेटने तीनदा हलवावे. एकत्र केलेला द्रावक निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून, ४० अंशांखाली, कमी दाबावर उडवावा. उरलेला चिकट अर्क ९० टक्के मिथेनॉलमध्ये विरघळवून हेक्झेनने धुतला, की तांदळातले मेदाम्ल बरेचसे निघून जाते. इथिल अ‍ॅसिटेट आणि हेक्झेन दोन्ही झटकन पेट घेतात, त्यामुळे हे सगळे धूरकपाटातच करावे.

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका बुरशीच्या अर्कातून जिवाणूरोधक असल्यासारखे वाटणारे, तेलकट, रंगहीन द्रव्य मिळाले. ते शुद्ध करण्यात मी तीन महिने घालवले. वस्तुमान वर्णपटात ३९१.२८ वर ठळक शिखर आणि त्याचा १४९.०२ चा तुकडा दिसला, तेव्हा एका ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी कागद माझ्यासमोर ठेवून सांगितले की हे डायइथिलहेक्झिल थॅलेट आहे. प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरतात ते. द्रावक साठवायला वापरलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून आणि रबरी नळीतून ते आले होते. कोऱ्या माध्यमाचा अर्क मी त्या खेपेला काढला नव्हता. थॅलेटे बुरशीची नैसर्गिक संयुगे म्हणून छापलेली अनेकदा दिसतात, आणि त्यांतली पुष्कळशी अशीच आलेली असावीत. तेव्हापासून मी अर्काचे काम फक्त काचेच्या भांड्यांत करते, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवते आणि द्रावक वापरण्याआधी स्वतः उर्ध्वपातित करून घेते.

सक्रियता तपासणे

आगरवर कागदाची चकती ठेवून तिच्याभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजणे ही पद्धत चाळणीसाठी ठीक आहे, पण पाण्यात न विरघळणारी संयुगे आगरमध्ये नीट पसरत नाहीत आणि त्यांचे वर्तुळ लहान दिसते. दोन अर्कांची तुलना वर्तुळाच्या मिलिमीटरांवर करू नये. त्याऐवजी ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये अर्काची पायरीपायरीने निम्मी तीव्रता करत किमान अवरोधक तीव्रता, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी तीव्रता, काढावी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय यांची संग्रहातून घेतलेली प्रमाणित वाणे वापरावीत. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणित धूसरतेला जुळवून, म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे पंधरा कोटी पेशी, मग ठरलेल्या प्रमाणात पातळ करावे. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवावा आणि खड्ड्यातले डीएमएसओ १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये. शेवटी रेझाझुरिन हा रंग घातला, की जिवंत जिवाणू असलेल्या खड्ड्याचा निळा रंग गुलाबी होतो. कोऱ्या माध्यमाचा अर्क, नुसते डीएमएसओ आणि एक ओळखीचे प्रतिजैविक यांच्या ओळी त्याच प्लेटवर असाव्यात.

अर्क १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली काम करत असेल, तर पुढे जाण्यासारखा आहे असे साधारणपणे मानतात. शुद्ध संयुगासाठी ही मर्यादा १० च्या आसपास धरतात. सोबत सस्तन प्राण्यांच्या पेशींवरची विषाक्तताही पाहावी. बुरशी अनेकदा सायट्रिनिन, ऑक्राटॉक्सिन यांसारखी विषेही बनवतात आणि ती जिवाणूंबरोबर आपल्या पेशींनाही मारतात. याच कारणाने कोरडा अर्क हाताळताना मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत.

जुने संयुग लवकर ओळखणे

शुद्धीकरणाला हात घालण्याआधी अर्काचा द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपट घ्यावा. प्रत्येक शिखराचे अचूक वस्तुमान आणि अतिनील वर्णपट यांची ज्ञात संयुगांशी तुलना करावी. एर्गोस्टेरॉल जवळपास प्रत्येक बुरशीत असते. एमोडिन, कोजिक आम्ल, मेलाइन ही पुन्हापुन्हा भेटतात. ती ओळखून बाजूला ठेवली, तर शुद्धीकरणाच्या स्तंभावरचे महिने वाचतात. त्यानंतर सिलिका जेलचा स्तंभ, मग सेफाडेक्स एलएच-२० या जेलचा, आणि शेवटी उच्च दाबाचे द्रव वर्णलेखन, असा क्रम बहुतेक वेळा चालतो. वेगळ्या झालेल्या प्रत्येक अंशाची (फ्रॅक्शनची) सक्रियता लगेच तपासावी. सक्रियता एका अंशात गोळा न होता सगळ्यांत पसरली किंवा नाहीशी झाली, तर संयुग सिलिकावर फुटले असण्याची शंका घ्यावी. रचना ठरवण्यासाठी दोन-तीन मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ असेल, तर एक आणि दोन मितींचे एनएमआर वर्णपट निवांत घेता येतात. स्फटिक मिळाला, तर क्ष-किरणांनी अवकाशीय रचनाही ठरते.

झाडाचे ओळखीचे औषधी संयुग त्यातल्या बुरशीतही मिळाले, तर आनंदापेक्षा संशय अधिक हवा. पॅसिफिक यू वृक्षातल्या टॅक्सोमायसेस अँड्रेआनी या बुरशीत टॅक्सॉल सापडल्याचे १९९३ मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतर अनेक झाडांच्या, खारफुटीच्याही, बुरशींबाबत तसे दावे झाले. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत टॅक्सोमायसेसच्या जनुकसंचात टॅक्सॉल बनवण्याची स्वतंत्र यंत्रणा आढळली नाही. अशा वेळी बुरशी झाडापासून दूर, अनेक पिढ्या वाढवून, किरणोत्सारी किंवा जड कार्बन दिलेल्या माध्यमातून तो कार्बन संयुगात उतरतो का, हे पाहिल्याशिवाय दावा करू नये.

बुरशी जपून ठेवणे

पुन्हापुन्हा नव्या प्लेटवर नेली, की बुरशी संयुग बनवणे कमी करते आणि कधीकधी पूर्ण थांबवते. झाडाचा सहवास आणि खाऱ्या पाण्याचा ताण नसताना हे वारंवार घडते. म्हणून ओळख पटण्याची किंवा सक्रियता दिसण्याची वाट न पाहता, पहिल्या शुद्ध प्लेटवरूनच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये निदान दहा कुप्या भरून उणे ८० अंशांवर ठेवाव्यात. तशी सोय नसेल, तर आगरचे तुकडे निर्जंतुक पाण्यात बुडवून थंड जागी ठेवले तरी पुष्कळ बुरशी वर्षानुवर्षे टिकतात. प्रत्येक प्रयोग नव्या कुपीपासून सुरू करावा आणि कुपीवर कितवी पिढी आहे हे लिहावे. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी बुरशीचा एक नमुना सार्वजनिक संग्रहात जमा करावा. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह आहे. तिथून मिळालेला क्रमांक लेखात छापावा, आणि पान ज्या झाडावरून घेतले त्या झाडाचे अक्षांश-रेखांश त्या क्रमांकाशेजारीच लिहावेत.